सज्जन खेळाडूने दुष्ट पात्र कसे खेळावे?

पत्र : मी सेलू येथील एका माध्यमिक शाळेत शिक्षक आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत ‘बाल्डर्स गेट ३’ हा गेम प्रथमच पूर्ण केला. पॅलडिन, म्हणजे धर्माची शपथ घेतलेला योद्धा, घेतला होता आणि होता होईल तो कुणाचे वाईट होऊ दिले नाही. दिवाळीच्या सुट्टीत ठरवले की या खेपेला दुष्ट पात्र घेऊन खेळायचे. गॉब्लिन नावाच्या बुटक्या राक्षसांच्या सेनानी मिंथाराला निर्वासितांच्या वस्तीचा पत्ता सांगितला, तिच्याबरोबर चालून गेलो, दरवाजावर उभ्या असलेल्या झेव्हलॉरला, त्या निर्वासितांच्या म्होरक्याला, मारले आणि तिथेच माझा हात थांबला. पाठीमागे आई उभी होती. ती म्हणाली, “कामून मारायलास रं त्या गरिबायला? त्यायनं काय केलं तुझं?” मी एफ-८ दाबून जुना सेव्ह, म्हणजे आधी साठवून ठेवलेला खेळ, उघडला आणि लॅपटॉप बंद केला. माझा धाकटा चुलतभाऊ संभाजीनगरला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. तो हेच सगळे हसत हसत खेळतो आणि मला ‘महाराज’ म्हणून चिडवतो. दुष्ट पात्र न खेळता येणे ही माझी उणीव आहे काय? भावाची काळजी करावी काय? आणि खेळायचेच असेल तर कसे खेळावे? — एक शिक्षक, सेलू, जि. परभणी

उत्तर :

सर, नमस्कार.

आपण तीन प्रश्न विचारले आहेत, परंतु आपल्या मातोश्रींनी विचारलेला एकच प्रश्न त्या तिघांनाही पुरून उरणारा आहे. त्या निर्वासितांनी आपले काय केले होते? याचे उत्तर आपल्याजवळ नव्हते, हे तर उघडच आहे. पण ते आपल्या पात्राजवळही नव्हते, आणि आपला हात त्यामुळेच थांबला, असे मला वाटते. आपण दुष्ट माणूस खेळायला बसला नव्हता, तर मागच्या वेळी जे जे केले त्याच्या नेमके उलट करायचे, एवढेच ठरवून बसला होता. मागे वाचवले म्हणून आता मारायचे, हा हिशेब खेळाडूचा झाला. त्या तलवार धरणाऱ्याला स्वतःचे असे काही हवे होते, कशाची तरी भीती होती, कुणाचा तरी सूड घ्यायचा होता, असे काहीच आपण त्याच्यासाठी योजलेले नव्हते. अशा पोकळ पात्राच्या हातून लेकराबाळांची वस्ती मारली जाते तेव्हा त्या कृत्याचा सगळा भार खेळाडूच्या अंगावर येतो, कारण तो पेलणारे मध्ये दुसरे कुणी नसते.

आपण शिक्षक आहात, म्हणून आपल्या परिचयाचेच उदाहरण देतो. १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी शाळेत नाटुकले बसवायचे म्हटले की कुणातरी विद्यार्थ्याला रझाकार व्हावेच लागते. बहुधा वर्गातला भरदार आवाजाचा मुलगा आपण त्यासाठी निवडता. तो मिशी रंगवून येतो, काठी आपटतो, ओरडतो आणि टाळ्या घेऊन जातो. त्यावरून तो मुलगा वाईट आहे, असे आपल्या किंवा त्याच्या आईवडिलांच्या मनातही येत नाही. त्या मुलाचे काम सोपे असते, कारण त्याने फक्त ओरडायचे असते. परंतु त्याच नाटुकल्यात गावातला एखादा प्रतिष्ठित माणूस दाखवायचा म्हटला, जो स्वतः कुणावर हात उगारत नाही, फक्त आपली जमीन आणि आपला वाडा वाचावा म्हणून रात्री रझाकारांना शेजाऱ्याचे घर दाखवून येतो, तर ती भूमिका कुणाला द्यावी हे ठरवताना आपल्यालाही विचार पडेल. ती करणाऱ्या मुलाला त्या माणसाची भीती समजून घ्यावी लागेल. आपण मिंथाराला वस्तीचा पत्ता दिलात तेव्हा आपल्या वाट्याला ही दुसरी भूमिका आली होती आणि आपण ती पहिलीसारखी करू पाहत होता.

आता थोडा दोष गेमच्या पदरातही घालतो, कारण तो तिथलाच आहे. त्या वस्तीवर चालून गेल्यावर आपल्याला काय मिळते आणि आपले काय जाते, याचा ताळेबंद मांडून पाहा. कार्लाख आणि विल हे दोन सोबती आपल्याला सोडून जातात. हॅल्सिन हा पुढे मिळू शकणारा सोबतीही हाताशी राहत नाही. वस्ती वाचवली तर टीफ्लिंग वंशाचे ते निर्वासित पुढे दुसऱ्या अंकात ‘लास्ट लाइट’ नावाच्या सरायीत भेटतात, त्यांच्या कहाण्या पुढे चालू राहतात, कार्लाखच्या छातीतल्या धगधगत्या यंत्रावर इलाज करणारा डॅमन लोहार तिथेच भेटतो. वस्ती मारली की हे सगळे गळून पडते. बदल्यात मिंथारा आपल्या बाजूला येते. पात्र झकास आहे, यात शंका नाही. परंतु कंपनीने गेममध्ये पुढे केलेल्या सुधारणांनंतर तिला ठार न मारता केवळ बेशुद्ध करूनही पुढे सोबत घेता येते, म्हणजे दुष्टपणाची तेवढी मिळकतही सज्जनांच्या आवाक्यात आली. दुष्टाचा रस्ता असा अर्धा ओसाड का, याचे कारण फारसे गूढ नाही. बहुतेक खेळाडू चांगल्याच बाजूने खेळतात. बायोवेअर कंपनीत ‘मास इफेक्ट’ मालिकेवर काम केलेल्या एका जुन्या कर्मचाऱ्याने २०२० मध्ये जाहीरपणे सांगितले होते की त्या गेमचे सुमारे ९२ टक्के खेळाडू सज्जनपणाचाच पर्याय घेत असत. ज्या वाटेने शंभरातले आठदहा जण जाणार, त्या वाटेवर कोणती कंपनी लेखक, नट आणि पैसा ओतील? तेव्हा आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे की दुष्टपणा न जमणे ही उणीव नव्हे. आपण बहुसंख्यांतले आहात.

मात्र आपल्या पत्रातील ‘कुणाचे वाईट होऊ दिले नाही’ या वाक्यापाशी मी थोडा थांबणार आहे, आणि हे आपल्याला कदाचित रुचणार नाही. आपला पॅलडिन चांगला होता, हे आपण कशावरून म्हणता? निर्वासितांना वाचवल्यावर अनुभवाचे गुण मिळाले, रात्री छावणीत मेजवानी झाली, सोबती खूश झाले, पुढच्या अंकांत ओळखीची माणसे भेटत राहिली. यात आपल्या पात्राने गमावले काय? ज्या चांगुलपणाची रोख भरपाई तिथल्या तिथे होते, त्याला मी तरी व्यवहारज्ञान म्हणेन. आणि ही खोड या खेळप्रकाराला जुनीच लागलेली आहे. १९९८ च्या पहिल्या ‘बाल्डर्स गेट’मध्ये आपल्या कीर्तीचा चक्क आकडा होता, तो वाढला की दुकानदार भाव कमी करीत, आणि तो फारच वाढला की टोळीतले दुष्ट सोबती नाराज होऊन निघून जात. २००४ च्या ‘फेबल’मध्ये तर वाईट वागणाऱ्या नायकाच्या कपाळावर शिंगे उगवत आणि चांगल्याच्या डोक्यावर तेजोवलय येई, म्हणजे शेजारच्या गावातल्या पोरालाही लांबून कळावे की कोण कसा आहे. आकडा आणि शिंगे आली की खेळाडू माणसाकडे पाहायचे सोडून मीटरकडे पाहू लागतो. या सगळ्याचे मूळ १९७४ मध्ये आलेल्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या कागद-फाशांच्या खेळात आहे. त्यात प्रथम सुव्यवस्था, अनागोंदी आणि तटस्थता अशा तीनच बाजू होत्या. भल्याबुऱ्याचा दुसरा अक्ष नंतर जोडला गेला आणि त्यातून ते प्रसिद्ध नऊ चौकोन तयार झाले. आपण खेळलेल्या तिसऱ्या भागात लॅरियन कंपनीने ही चौकट दाखवलीच नाही, हे मला त्यांचे सर्वांत शहाणपणाचे काम वाटते. पण आपण मनातल्या मनात ती भिंतीवर टांगूनच खेळलात.

याच्या उलट १९८५ चा ‘अल्टिमा ४’ पाहा. रिचर्ड गॅरियटच्या या गेमला शेवटी मारायचा असा कुणी महाराक्षसच नव्हता. प्रामाणिकपणा, करुणा, शौर्य, न्याय अशा आठ गुणांत स्वतःला घडवणे हेच उद्दिष्ट होते. त्यात जडीबुटी विकणारी एक आंधळी बाई आहे. माल घेतल्यावर किती मोहरा द्यायच्या ते आपणच टाइप करायचे. कमी दिल्या तरी तिला दिसत नाही, ती ओरडत नाही, पहारेकरी येत नाहीत, पडद्यावर लाल अक्षरही उमटत नाही. हिशेब मात्र आतल्या आत ठेवला जातो आणि बऱ्याच काळानंतर, गुणांची परीक्षा होते तेव्हा, तो पुढे येतो. चाळीस वर्षे उलटली, तरी मोहाचा इतका साधा आणि इतका चोख प्रसंग मला फार थोड्या गेममध्ये सापडतो. त्या बाईपुढे आपला पॅलडिन कसा वागला असता, हे आपल्याला सांगता येते काय? मोहरा कमी असताना आणि औषधाची निकड असताना?

आता तिसऱ्या प्रश्नाकडे वळतो, कारण खरी मौज तिथे आहे.

प्रथम पात्राला एक हाव द्या, आणि ती गेम सुरू करण्यापूर्वी वहीत एका वाक्यात लिहून ठेवा. ‘सत्ता’ असा मोघम शब्द चालणार नाही. ‘पुन्हा कुणाच्या दारात भाकरी मागणार नाही’ हे चालेल. ‘ज्या घराण्याने मला हाकलले, त्याच्या वाड्यात एक दिवस मी राहीन’ हेही चालेल. त्यानंतर त्या माणसाला प्रिय असलेले एखादे माणूस किंवा पाळावासा वाटणारा एखादा नेम ठरवा, कारण ज्याला काहीच प्रिय नाही असा दुष्ट दोन तासांत कंटाळवाणा होतो. मग प्रत्येक प्रसंगी ‘यात वाईट पर्याय कोणता’ हे शोधणे सोडून ‘या माणसाला यातून काय साधता येईल’ एवढेच विचारा. असे केले की एक गमतीची गोष्ट आपल्या लक्षात येईल : आपला दुष्ट माणूस त्या निर्वासितांना बहुधा वाचवील. मोठ्या शहराकडे निघालेली, उपकाराच्या ओझ्याखाली दबलेली इतकी माणसे फुकट का मारायची? शहरात पोचल्यावर ती उपयोगी पडतील, असा विचार तो करील, आणि मेजवानीत झेव्हलॉरचे आभार ऐकताना आपण त्याच्या मनातला हिशेब ऐकत बसाल. बाहेरून पाहणाऱ्याला तो पुण्यवानच दिसेल. असली माणसे आपल्या जिल्ह्यात, आपल्या पंचायत समितीत, झालेच तर एखाद्या शिक्षण संस्थेच्या संचालक मंडळातही आपल्याला भेटली असतील. त्यांच्या चालण्याबोलण्याची आपली पाहणी येथे कामी येईल.

दुष्टपणाला खरोखर किंमत मिळते अशा जागा गेममध्ये आहेत, त्या शोधा. दलदलीतली चेटकीण एथेल आठवा. हरत आली की ती सौदा मांडते : त्या गर्भार मेरिनाला माझ्याकडे राहू दे आणि मी तुझ्या अंगी कायमचे थोडे बळ वाढवते. इथे तराजूच्या दोन्ही पारड्यांत काहीतरी आहे. त्याहून अवघड जागा ॲस्टारियन या रक्तपिपासू व्हॅम्पायरची, ज्याला एरवी सूर्यप्रकाश सोसत नाही. दोनशे वर्षे ज्याने गुलामी सोसली, जो आपला सोबती आहे, ज्याची कीव येते आणि ज्याच्या बोलण्याला हसूही येते, तो म्हणतो की हा विधी पुरा करू दे, मग मी उजेडात मोकळा फिरेन आणि पुन्हा कुणाला घाबरणार नाही. त्या विधीत सात हजार जिवांची आहुती पडायची असते. पहिल्या खेपेला आपण त्याला थांबवले असेल. या खेपेला त्याच्यावर माया करणारे पात्र घेऊन तिथवर जा आणि ‘हो’ म्हणा. मित्राच्या प्रेमापोटी केलेले ते कृत्य त्या गॉब्लिनांच्या हल्ल्यापेक्षा कितीतरी भयंकर आहे. तरीही आपला हात तिथे कदाचित सहज पुढे जाईल, आणि तसे झाले तर का झाले, यावर विचार करायला आपल्याला पुढची सुट्टी पुरेल.

इतके करूनही निर्घृणपणा सोसवत नसेल तर ‘डार्क अर्ज’ हे तयार पात्र घ्या. त्याची स्मृती गेलेली आहे आणि त्याच्या रक्तात खुनाची ओढ भिनलेली आहे. सुरुवातीलाच छावणीत आपल्याला न विचारता त्याच्या हातून एक हत्या घडते, सकाळी हात रक्ताने माखलेले दिसतात, आणि तिथून पुढे त्या ओढीला शरण जायचे की तिच्याशी झगडायचे, हे आपण ठरवायचे. पुढे एका रात्री ती ओढ आपल्याच जिवलगाच्या गळ्याशी येते; आपण त्याला आधी सावध करू शकता. झगडणाऱ्याला तिथे खरोखर काही गमवावे लागते. आपल्या स्वभावाच्या खेळाडूला, माझ्या अंदाजाने, यासारखी दुसरी भूमिका नाही, कारण पॅलडिनला जे फुकट मिळाले ते या माणसाला रोज कमवावे लागते.

पॅलडिनच हवा असेल तर त्याचीही सोय आहे. निरपराधाला मारल्यावर त्याची शपथ मोडते आणि रात्री छावणीत शपथ मोडलेला एक काळा सरदार येऊन उभा राहतो. एक हजार मोहरा मोजून शपथ परत घेता येते, किंवा मोडलेल्या शपथेतूनच नवे सामर्थ्य घेता येते. पश्चात्तापाचा भाव एक हजार मोहरा ठरवणाऱ्याला काय म्हणावे, हे मला अजून ठरवता आलेले नाही. पण मोहरा मोजण्यापूर्वी त्या सरदाराचे म्हणणे ऐकून घ्या, तो बरे बोलतो.

एक नियम मात्र कडक पाळा. एफ-८ ला हात लावू नका. निर्णय घेतला, तो टोचला, आणि लगेच पुसून टाकला, तर ना चांगले खेळणे होते ना वाईट; ती फक्त चाचपणी होते. वीज गेली आणि जुना सेव्ह उघडावा लागला तर गोष्ट वेगळी, आणि आपल्याकडे ती जातेच; तरीही तोच निर्णय पुन्हा घ्या.

भावाविषयी थोडक्यात सांगतो. तो हसत हसत वस्ती जाळतो याचा अर्थ त्याला माणसे दिसतच नाहीत, त्याला सोंगट्या दिसतात. कोणत्या बटणाने काय कोसळते हे पाहण्यात त्याला रस आहे, आणि इंजिनिअरिंगच्या मुलाला तो असणे स्वाभाविक आहे. बुद्धिबळात प्यादे देताना आपणही हळहळत नाही. काळजी करायचीच असेल तर तो पडद्यावरच्या गॉब्लिनांशी कसा वागतो ते सोडा आणि इतरांबरोबर ऑनलाइन खेळताना, हेडफोनच्या पलीकडे खराखुरा मुलगा असताना, हरल्यावर त्याला कोणत्या भाषेत बोलतो ते ऐका. होस्टेलच्या खोलीतल्या मित्राचे उसने पैसे परत करतो की नाही, ते पाहा. तिथे काही खटकले तर जरूर बोला. आणि तो ‘महाराज’ म्हणाला तर मनाला लावून घेऊ नका. चांगले महाराज कीर्तनात दुर्योधनाचा आवाज असा काढतात की मागच्या रांगेतली पेंगणारी माणसे जागी होतात.

मातोश्रींना बाजूला बसवून खेळायला हरकत नाही, उलट प्रत्येक निर्णयाआधी आपल्या पात्राचे कारण त्यांना मोठ्याने सांगून पाहा. त्यांना ते पटण्याची गरज नाही. फक्त समजले पाहिजे. त्यांना समजले नाही तर पात्र अजून कच्चे आहे, असे धरून चाला. घरात लहान मुले असतील तर त्यांना मात्र त्या खोलीत बसू देऊ नका. हा गेम युरोपीय वर्गवारीनुसार १८ वर्षांवरील व्यक्तींसाठी आहे, आणि ती अट त्यातला रक्तपात पाहता योग्यच आहे.

शेवटपर्यंत दुष्ट मार्गाने जायचे ठरवलेत तर सुरू करण्यापूर्वी गेम अद्ययावत करून घ्या. २०२३ च्या ऑगस्टमध्ये तो पूर्ण स्वरूपात आला तेव्हा दुष्टांचे शेवट फारच आटोपते होते. २०२४ च्या सप्टेंबरमधील सातव्या पॅचमध्ये, म्हणजे सुधारणांच्या संचात, कंपनीने त्यांच्यासाठी नवी शेवटची दृश्ये घातली. पॅच मोठा आहे. रात्री जेवणानंतर डाउनलोडला लावा, लॅपटॉप चार्जरला जोडलेला राहू द्या, आणि मोबाइलच्या डेटावर ते करू नका.